रोस्टरचे नियम लिहायला बसण्याआधी

पोरांनो, विमान कंपन्यांच्या क्रू रोस्टरिंगचं काम मिळालंय तर चार गोष्टी सांगून ठेवतो. नियमांची भाषा महिन्याभरात हातात बसते. नियम लिहिणं यायला वेळ लागतो.

नियमांची आणि ऑप्टिमायझरची चूल वेगळी असू द्या. स्वीडनमधल्या गोथेनबर्गची कार्मेन सिस्टिम्स (२००६ मध्ये ती त्या वेळी बोइंगच्या मालकीच्या असलेल्या जेपसेनने घेतली) याच जोरावर नावारूपाला आली. तिची ‘रेव्ह’ भाषा सांगते ते एवढंच: ड्युट्यांची ही साखळी नियमात बसते का, आणि तिचा खर्च किती. चांगली साखळी शोधायची कशी, ही इंजिनाची, म्हणजे ऑप्टिमायझरची, डोकेदुखी. म्हणून युनियनशी करार बदलला तरी इंजिनाला हात लावावा लागत नाही.

आकडे नियमाच्या पोटात कोंबू नका. भारताच्या विमान वाहतूक नियामकाने, डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या ड्युटी-विश्रांतीचे सुधारित नियम जाहीर केले. त्यांत आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्र पहाटे पाचऐवजी सहाला संपू लागली आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. ‘रात्र’ एकाच जागी लिहिली असेल तर हे काम तक्त्यातला एक आकडा बदलण्याचं. सतरा नियमांत पहाटेचे पाच पसरले असतील, तर त्यातला एखादा राहणारच. आकड्याशेजारी लागू होण्याची तारीखही ठेवा. महिनाअखेरीला रात्री सुरू होऊन एक तारखेला संपणारी ड्युटी जुन्या नियमाची की नव्या, हे प्लॅनिंगवाल्यांकडून लेखी घ्या. तोंडी उत्तर उद्या फिरतं.

आणि रात्र कोणत्या घड्याळाची? मुंबईत मध्यरात्र होते तेव्हा यूटीसीत १८:३० झालेले असतात, तारीख अजून कालचीच. ही साडेपाच तासांची गंमत परदेशी बनावटीच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा तपासा.

आता खरी मेख. इंजिन रोस्टर एकदम बनवत नाही. ते एकेक ड्युटी जोडत जातं आणि नियमात न बसणारी साखळी तिथेच कापतं. समजा तुम्ही लिहिलंत, ‘दर आठवड्यात ४८ तासांची एक विश्रांती हवी.’ सोमवार ते बुधवारच्या अर्ध्या साखळीत ती अजून आलेलीच नाही. नियम म्हणतो चूक, आणि गुरुवारी सुट्टी मिळून छान झाली असती ती साखळी जन्माआधीच मरते. स्क्रीनवर तक्रार येत नाही. फक्त उत्तर महाग येतं, आणि लोक इंजिनाला शिव्या घालतात. डीजीसीएची शब्दरचना पाहा: एक साप्ताहिक विश्रांती संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत १६८ तासांहून जास्त जाता कामा नयेत. हा नियम अर्ध्या साखळीवरही खरं बोलतो. १६८ तास उलटले तर पुढे काहीही जोडा, ती सुधारत नाही. खुशाल कापा. सरकारी भाषेला आपण नावं ठेवतो, पण इथे ती आपल्यापेक्षा शहाणी निघाली.

‘चालणारच नाही’ आणि ‘नको’ यांची गल्लत करू नका. कायदा हा नियम. वैमानिकाला सलग पहाटेच्या ड्युट्या आवडत नाहीत, हा दंड, आणि तो रुपयांत लावा. एक कोटीचा दंड ठोकला की बाकीच्या सगळ्या इच्छा त्याच्यापुढे शून्य होतात.

चाचणी काठावर करा: ४७:५९, ४८:००, ४८:०१. इंजिन नेमकं त्या काठावरच जाऊन बसतं. तुम्ही ठेवलेली फट ते शोधतं, आणि वकिलाच्या सफाईने वापरतं. मुद्दाम बिघडवलेली पाच-दहा रोस्टर जपून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर ती नापास होतात ना, ते बघा.

नियम मोडला की ‘बेकायदेशीर’ एवढंच छापू नका. किती तास हवे होते, किती मिळाले, कोणत्या दोन ड्युट्यांमध्ये, हे तिथेच दिसू द्या. विमान उशिरा आलं की रात्री दोन वाजता ते वाचणारा माणूस तुम्हाला फोन करणार आहे. आणि नियम लिहून झाला की रोस्टर लावणाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन त्याला वाचून दाखवा. त्याला कळला नाही, तर परत लिहा.