समन्स आणि वॉरंट : सरकारी इंग्रजी शब्दांची ओळख



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाने एका विषयाचे इंग्रजी शब्द गोळा करावेत, असे गुरुजींनी सांगितले. कुणी फळांचे शब्द घेतले, कुणी पक्ष्यांचे. मी सरकार, पोलीस आणि कोर्ट यांचे शब्द घेतले. ते का घेतले, हे आधी सांगतो.

पावसाळ्याच्या दिवसांत एकदा आमच्या घरी पोलीस शिपाई आले. आबांना रानातून बोलावून घेतले. त्यांनी एक कागद आबांच्या हातात दिला आणि दुसऱ्या प्रतीच्या मागे सही घेतली. "समन्स आहे, तारखेला हजर राहा," एवढे बोलून ते निघून गेले. कागद इंग्रजीत होता. शेजारचे काका आले आणि म्हणाले, "वॉरंट निघालं म्हणायचं!" झालं! आजीने कपाळाला हात लावला. "माझ्या लेकानं कुणाचं काय वाकडं केलंय?" म्हणून ती रडू लागली. आई चुलीपुढे गप्प बसून राहिली.

रात्री आबा जेवले नाहीत. म्हणाले, "सकाळच्या गाडीनं मी तुझ्या आत्याच्या गावी जातो. तारीख सरली की येतो."

मला इंग्रजी अक्षरे लावून वाचता येतात. मी तो कागद उजेडात धरला आणि दोन शब्द वहीत उतरवून घेतले. एक 'समन्स' आणि दुसरा 'विटनेस'. मी म्हणालो, "आबा, एक गाडी जाऊ द्या. मी गुरुजींना विचारून येतो."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी शब्दकोश काढला आणि मलाच शब्द शोधायला लावले. समन्स म्हणजे हजर राहण्याचा कोर्टाचा लेखी आदेश. विटनेस म्हणजे साक्षीदार. गुरुजी म्हणाले, "अरे, तुझ्या आबांना पकडायला नाही, विचारायला बोलावलंय! पण समन्स मिळूनही गेले नाहीत, तर मात्र कोर्ट वॉरंट काढू शकतं."

मधल्या सुट्टीत मी पळतच घरी गेलो. आबांनी पिशवी भरून ठेवली होती. मी सगळे सांगितल्यावर ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "आरं, फाट्यावर त्या मोटारसायकलवाल्याला टेंपोनं उडवलं होतं, त्याला मीच उचललं होतं की! पोलिसांनी तवा माझा जबाब लिहून घेतला होता." तारखेला आबा कोर्टात गेले, शपथ घेतली, पाहिले ते सांगितले आणि संध्याकाळी भेळ घेऊन परत आले. आबा गावाला निघून गेले असते, तर ज्याची भीती तेच घरी आले असते.

आता शब्द पाहू.

कोर्टाचे शब्द

समन्स : एस, यू, डबल एम, ओ, एन, एस. शेवटी एस असला तरी हा शब्द एकवचनी आहे. अनेकवचन 'समन्सेस'. समन्सवर कोर्टाचा शिक्का असतो.

वॉरंट : डब्ल्यू, ए, डबल आर, ए, एन, टी. अटक करण्याचा कोर्टाचा लेखी हुकूम. झडतीसाठी निघते ते 'सर्च वॉरंट'.

विटनेस : साक्षीदार. वाक्य : माय फादर इज अ विटनेस.

अक्यूज्ड : आरोपी, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. कोर्टात गुन्हा सिद्ध झाल्यावर त्याला 'कन्व्हिक्ट' म्हणतात.

बेल : जामीन. शंकराला वाहतो तो बेल नव्हे आणि शाळेची घंटाही नव्हे! घंटेच्या स्पेलिंगमध्ये डबल एल असतो, जामिनाच्या स्पेलिंगमध्ये ए आणि आय असतात.

पोलीस ठाण्याचे शब्द

पोलीस : मूळ ग्रीक शब्द 'पोलिस' म्हणजे नगर. मराठीत आपण 'पोलीस आला' म्हणतो, पण इंग्रजीत हा शब्द अनेकवचनी चालतो. म्हणून 'द पोलीस आर कमिंग' म्हणावे, 'इज' म्हणू नये. आपल्या गावच्या 'पोलीस पाटील' या पदात एक शब्द बाहेरचा आणि एक आपला आहे.

कॉन्स्टेबल : पोलीस शिपाई. या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ घोड्यांच्या पागेचा अधिकारी असा होता, हे वाचून मला फार गंमत वाटली.

एफ.आय.आर. : फर्स्ट इन्फर्मेशन रिपोर्ट, म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर. खबर देणाऱ्याला तिची प्रत फुकट मिळते. पालकांनी ती मागून घ्यावी.

अरेस्ट : अटक. अटक केलेल्या माणसाला कारण सांगावे लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावे लागते. हे आपल्या संविधानाच्या कलम २२ मध्ये आहे.

कचेरीचे शब्द

गव्हर्नमेंट : शासन. यातला एम च्या आधीचा एन बोलताना नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना राहतो. माझाही चाचणीत राहिला होता.

कलेक्टर : जिल्हाधिकारी. 'कलेक्ट' म्हणजे गोळा करणे. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात १७७२ साली सारा गोळा करण्यासाठी हे पद निर्माण झाले. आता कामे पुष्कळ वाढली, पण नाव तेच राहिले.

झेड.पी. : जिल्हा परिषद, म्हणजे आपली शाळा चालवणारी संस्था. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. इंग्रजी अक्षरे वापरतो, पण दोन्ही शब्द आपले आहेत!

बी.डी.ओ. : ब्लॉक डेव्हलपमेंट ऑफिसर, म्हणजे पंचायत समितीचे गटविकास अधिकारी.

अ‍ॅक्ट : अधिनियम. सभागृहात आधी 'बिल' येते. हे दुकानाचे बिल नव्हे, तर विधेयक. ते मंजूर होऊन राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची संमती मिळाली, की त्याचा अ‍ॅक्ट होतो. १८६० चा इंडियन पीनल कोड, म्हणजे भारतीय दंड संहिता, जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. या कायद्याचे नावच आता आपल्या ओळखीच्या शब्दांत आहे.

मित्रांनो, हे शब्द परीक्षेला येतील किंवा न येतील, पण घरी कधीतरी नक्की येतील. रोज दोन शब्द पाठ करा आणि संध्याकाळी आजी-आजोबांना सांगा. घरात इंग्रजी कागद आला, तर घाबरू नका आणि तो लपवूनही ठेवू नका. गुरुजींना दाखवा, शब्दकोश उघडा.

आमचे आबा आता कोणत्याही कागदावर सही करण्याआधी मला हाक मारतात आणि म्हणतात, "बघ रं, ह्याला मराठीत काय म्हणत्यात?"

ओळखा पाहू : आबांना आले ते काय होते? आणि काका म्हणाले ते काय होते? दोन्हींचे स्पेलिंग पाटीवर लिहा.

— हजेरी क्रमांक १७, इयत्ता सातवी