रंगवण्याआधी हवा बघा

विमानाचं प्लॅस्टिक किट घेताना आपण स्केल बघतो, डब्यावरचं चित्र बघतो, डिकलच्या कागदावर आपल्या हवाई दलाची केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळं आहेत का ते बघतो. ज्या खोलीत ते विमान रंगणार, तिथली हवा कशी आहे याचा विचार फारसा कोणी करत नाही. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा अशा दमट पट्ट्यात राहून हा छंद जोपासणाऱ्यांना मला कळकळीनं सांगायचं आहे की, हात कितीही तयार असला तरी कोंदट, ओलसर हवेत विमान बिघडतं आणि त्याच हवेत आपली तब्येतही बिघडते. दोन्ही टाळता येतं.

मी हे शिकलो ते १/४८ स्केलच्या मिग-२१ बिसवर. मराठी माणसाला या विमानाबद्दल जिव्हाळा वाटायला खास कारण आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ते परवान्याखाली बनत असे. १९६३ साली हवाई दलात दाखल झालेलं मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, १/४८ मध्ये तो जेमतेम १५ सेंटिमीटर भरतो. एवढ्याशा पृष्ठभागावर रंग थोडा जरी जाड बसला तरी पत्र्याच्या जोडरेषा आणि रिव्हेट बुजून जातात. म्हणून रंग दुधाइतका पातळ करून एअरब्रशनं हलके थर द्यायचे, आणि ते चटकन सुकावेत म्हणून लॅकरचा रंग व त्याचं थिनर वापरायचं, ही रूढ पद्धत. दमट हवा घात करते ती नेमकी इथे.

जुलै महिना होता. पाऊस तिरपा येत होता म्हणून खिडक्या बंद, आणि रंगावर धूळ बसू नये म्हणून पंखाही बंद. कॅमफ्लाज पूर्ण झालं होतं, डिकल बसली होती, उरला होता तो शेवटचा मॅट लॅकरचा थर. फवारा मारल्यावर विमान ओलं, काळसर आणि देखणं दिसलं. मग पंखाच्या मुळाशी गडद हिरव्या रंगावर पांढुरकी झाक उमटली. ती पाठीवरून शेपटीकडे पसरत गेली. वर्तुळांचं केशरी फिकट पडलं, जोडरेषा धूसर झाल्या. पुसावं तर थर ओला, थांबावं तर झाक पक्की होत चाललेली.

यामागचं कारण साधं आहे. थिनर उडून जाताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं. हातावर स्पिरिट लावलं की गार लागतं ते यामुळेच. थिनर जितकं चपळ, तितका पृष्ठभाग जास्त गार. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा तापमान थोडंसं उतरलं तरी हवेतलं पाणी त्या ओल्या लॅकरवर जमतं. पाणी आणि लॅकर एकजीव होत नाहीत आणि थर पांढरा पडतो. रंग चांगल्या प्रतीचा असला तरी हे घडतं.

यावर उपाय आहे. थर पूर्ण सुकू द्यावा, कोरडी हवा मिळेपर्यंत विमानाला हात लावू नये. नंतर रिटार्डर घातलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा दिला, तर वरचा थर किंचित विरघळतो, अडकलेला ओलावा निघून जातो आणि बरीचशी झाक उतरते. रिटार्डर म्हणजे थिनरचं उडणं मंदावणारं द्रावण. जपानमधला उन्हाळाही दमटच असतो, त्यामुळे तमिया आणि जीएसआय क्रिओस या तिथल्या कंपन्यांकडे रिटार्डर असलेलं थिनर किंवा सुटं रिटार्डर मिळतं. भारतात मागवताना नेहमीच्या थिनरबरोबर त्याचीही बाटली घ्यावी. फवारा आधी टाकाऊ पंखावर मारून बघावा. जास्त झाला तर खालचा रंग आणि डिकल दोन्ही सुटतात.

तरीही रिटार्डरवर फार भिस्त ठेवू नका. भिंतीवर एक साधा आर्द्रतामापक टांगा. काटा ६५च्या वर असेल त्या दिवशी मी लॅकरची बाटली उघडत नाही. कॉम्प्रेसरचंही तेच. हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत आणि नळीत साचतं आणि ऐन रंगकामात थेंब होऊन विमानावर येऊन पडतं. मॉइश्चर ट्रॅप तर लावाच, शिवाय काम संपलं की टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी काढून टाका. पावसाळ्यात किती पाणी निघतं ते बघितलं की हा नियम पुन्हा सांगावा लागत नाही.

आता तब्येतीचं. त्याच पावसाळ्यात संध्याकाळी रंगकाम झालं की माझं डोकं जड व्हायचं, घसा चरचरायचा, जेवणावरची वासना उडायची. पावसाळी सर्दी असेल असं वाटत राहिलं. डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, “घरात रंगकाम काढलंय का?” खिडक्या बंद, खोली लहान, आणि एअरब्रशमधून निघणारे थिनरचे बारीक कण थेट नाकापुढे. डोकं दुखायला आणखी काय हवं? बंद खोलीत थिनरची वाफ छातीत भरून घेतली की चक्कर आणि मळमळ होते, आणि असं वर्षानुवर्षं चाललं तर मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

या बाबतीत एक गैरसमज फार पसरला आहे. करोनाच्या काळात घराघरात एन-९५ मास्क आले, आणि तोच लावून लोक फवारणी करतात. एन-९५ धूळ आणि रंगाचे कण अडवतो. थिनरची वाफ त्यातून सरळ आत जाते. वाफेसाठी सक्रिय कोळशाचं काडतूस बसवलेला, गालाला घट्ट बसणारा मास्कच लागतो. औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. घेताना ‘ऑरगॅनिक व्हेपर’चं काडतूस मागावं, आणि रंगाचे कण अडवण्यासाठी त्याच्यापुढे कणांचा फिल्टरही लावून घ्यावा. काडतूस कायम टिकत नाही. उघडं ठेवलं तर ते हवेतलं सगळं शोषत राहतं, म्हणून काम झालं की हवाबंद पिशवीत ठेवावं. मास्क लावूनही वास यायला लागला की ते संपलं असं समजावं आणि बदलावं.

दुसरी भीती आगीची. एका संध्याकाळी आई देवघराकडे जाता जाता दारात थांबली आणि म्हणाली, “अरे, कसला उग्र वास येतोय हा? दिवा लावू ना मी?” तिचा प्रश्न अगदी रास्त होता. लॅकर थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत शेजारच्या खोलीत जाते. निरांजन, उदबत्ती किंवा गॅसची शेगडी तिला पेटवू शकते. लहान मूल जमिनीवर खेळत असेल तर ती वाफ सगळ्यात आधी त्याच्या नाकात जाते. तेव्हापासून आमच्या घरात एक रीत आहे: दिवाबत्तीची आणि स्वयंपाकाची वेळ सोडून रंगकाम, आणि फवारणी सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांना सांगणं. थिनरनं भिजलेली फडकी झाकणाच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवायची. फवारणीची पेटी घ्यायची असेल तर तिची नळी खिडकीबाहेर निघते ना आणि पंख्याच्या मोटरीतून ठिणगी पडत नाही ना, हे विचारूनच घ्यावी.

म्हणजे पावसाळ्यात दमट पट्ट्यातला माणूस पेचात सापडतो. कोरड्या हवेसाठी खिडकी लावावी तर वाफ कोंडते. वाफ जावी म्हणून खिडकी उघडावी तर दमट हवा आत येते. एसीनं खोली कोरडी होते खरी, पण तो तीच हवा फिरवत राहतो. वाफ बाहेर फेकणारी पेटी चालू केली की तिच्या जागी बाहेरची दमट हवाच येते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पावसाळ्यात घरात लॅकर फवारूच नये. त्या दिवसांत पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग ब्रशनं लावावेत. फवारायचे झाले तर अॅक्रिलिकलाही मास्क हवाच. वास सौम्य असला तरी कण फुप्फुसात जातात, आणि काही अॅक्रिलिक रंगांत अल्कोहोल असतं.

दमट हवा इतरही ठिकाणी त्रास देते. पुढे एक आणि मागे दोन चाकं असलेली कित्येक जेट विमानं नाकात वजन घातल्याशिवाय शेपटीवर बसतात. आपल्याकडे मासेमारीच्या गळाचं शिसं सहज मिळतं आणि ते फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात बसवायचा मोह होतो. तसं करू नका. पांढऱ्या गोंदातून ॲसिटिक आम्लाचा अंश सुटत राहतो, ओलाव्याच्या साथीनं तो शिशाला गंज चढवतो आणि गंजलेलं शिसं फुगून सांधा फोडतं. संग्रहालयांतल्या जहाजांच्या जुन्या प्रतिकृतींमध्ये शिशाचे सुटे भाग असेच पांढरी भुकटी होऊन गेले आहेत. शिसं विषारी, ते घासताना उडणारी पूड त्याहून वाईट. त्याऐवजी पोलादी छर्रे किंवा लहान नट इपॉक्सीनं बसवा.

कॅनॉपीसाठी मात्र तोच पांढरा गोंद उत्तम. झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाची वाफ पारदर्शक भागावर पांढरी बसते, आणि ती हवेतल्या ओलाव्यामुळेच घट्ट होते. बंद कॉकपिटमध्ये ही वाफ कोंडली तर काच आतून धुरकट होते आणि मग ती पुसायला जागाच नसते. त्या गोंदानं आतले भाग जोडले असतील तर ते पूर्ण वाळल्यावरच कॅनॉपी लावा.

डिकलचा कागद ओल धरतो, पिवळा पडतो, कधी दुसऱ्या कागदाला चिकटतो. किट उघडल्या दिवशीच तो झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा. जुना कागद वापरायचा असेल तर नको असलेला एखादा आकडा आधी पाण्यात सोडून बघा. त्याचे तुकडे झाले तर सगळ्या कागदावर डिकलसाठीचा लॅकरचा पातळ थर द्यावा लागेल. डिकल नेहमी चकचकीत थरावर बसवा. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागावर तिच्याखाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात.

या सगळ्यावरून मी वर्षाचं काम ऋतूंप्रमाणे वाटून घेतलं आहे, आणि नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनीही तसंच करावं. जून ते सप्टेंबर जोडकाम: भाग स्प्रूवरून कापणं, सांधे भरणं, पाण्यात बुडवून पॉलिश पेपर मारणं, कॉकपिट ब्रशनं रंगवणं. रेझिनचे भाग तर ओलेच घासावेत आणि तेव्हा एन-९५ लावावा, कारण ती पूड छातीत जाता कामा नये. पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की प्रायमर, म्हणजे राहिलेले सांधे दिसतात आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत कॅमफ्लाज, डिकल आणि शेवटचा मॅट थर, खिडक्या सताड उघड्या ठेवून. पुण्या-नाशिकच्या मित्रांना कोरडे दिवस जास्त मिळतात, पण भर पावसाळ्यात नियम त्यांनाही हाच.

खर्चाचा क्रमही सांगतो. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर महाग असतात, आणि पहिले पैसे त्यांच्यावरच जातात. तसं करू नका. आधी वाफेचा मास्क घ्या, मग आर्द्रतामापक, मग बाहेर हवा फेकणारा पंखा, आणि हे सगळं जागेवर बसलं की एअरब्रश. तोपर्यंत ब्रशनं रंगवा. ब्रशनं रंगवलेली देखणी विमानं मी पाहिली आहेत. घरात मुलं हा छंद शिकत असतील तर त्यांच्या हाती लॅकर थिनर देऊच नका. पाण्याचे रंग आणि उघडी खिडकी त्यांना पुरेशी आहे.