रानपिंगळ्याचा पत्ता

धुळे

चि. स्वाती,


यावल तालुक्यातल्या शाळेत रुजू झालीस, फार बरं वाटलं. प्राण्यांच्या निवाऱ्याचा पाठ कसा घेऊ, असं विचारलंस. सिंह गुहेत, पोपट ढोलीत अशा जोड्या लावून घेत बसू नकोस. मुलं त्या चटकन पाठ करतात आणि कळत काहीच नाही. तो प्राणी तिथेच का राहतो, हे विचार.

रानपिंगळ्याची हकिगत नक्की सांग, ती आपल्या खानदेशातली आहे. हे लहानसं घुबड १८८४ नंतर खात्रीने कुणाला मिळालंच नव्हतं. माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, तो आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवला अशी खोटी चिठ्ठी त्याला लावली. त्या पत्त्याने शोधणाऱ्यांची दिशाभूल झाली. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली, खऱ्या नमुन्यांवरची ठिकाणं धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा त्यांना आणि सोबत्यांना भर दिवसा झाडावर बसलेला दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं.

मग विचार, याला हेच रान का? तो दिवसाही शिकार करतो. सागाच्या विरळ रानात फांदीवर बसून खालचे सरडे, उंदीर टिपतो. अंडी घालायला त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. स्वतः कोरणं त्याला जमत नाही. फळ्यावर झाड, ढोली, सरडा, टोळ, गवत काढ आणि एकेक पुसत जा. पुढे काय होईल ते मुलांनाच बोलू दे, पावरी बोलीत बोलली तरी बोलू दे. परिसंस्था हा शब्द त्यानंतर लिही. जुनी झाडं तोडण्याचा विषय निघेलच, पण सरपण आणणाऱ्या आयांना गुन्हेगार ठरवू नकोस. त्या मुलांच्या घरची चूल त्यावर पेटते.

निवारा म्हणजे जंगलच, असंही त्यांच्या मनात बसू देऊ नकोस. मुक्ताईनगरकडे वाघ केळीच्या बागांत वावरतात. दाट सावली, ओलावा आणि रानडुकरं तिथे मिळतात. ज्यांच्या घरी केळी आहे, त्या मुलांकडे सांगण्यासारखं तुझ्यापेक्षा जास्त असेल.

बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्यावरची कविता वर्गात म्हणवून घ्यायचीच, पण मग खोपा दाखवायलाही ने. विहिरीवर झुकलेल्या बाभळीलाच तो का टांगलाय? साप आणि माणसाचा हात तिथे सहज पोचत नाही, हे मुलं स्वतः ओळखतील. पावसाळ्यात विणीच्या दिवसांत लांबूनच बघा, कुणाला खोपा काढू देऊ नकोस. आणि विहिरीला कठडा नसेल, तर शेताच्या बांधाच्या अलीकडेच सगळ्यांना बसव.

तुझी
आत्या