रहस्यकथाकाराची बैठक

शाळेच्या वार्षिकात संतांची, समाजसुधारकांची आणि शास्त्रज्ञांची चरित्रे तुम्ही आजवर पुष्कळ वाचली असतील. प्रस्तुत लेखाचा नायक त्या मालिकेत सहसा बसावयाचा नाही. ज्याचे पुस्तक भूगोलाच्या पुस्तकाआड धरून वाचावे आणि गुरुजींची चाहूल लागताच दप्तरात लोटावे, असा हा ग्रंथकार. झुंजार आणि काळा पहाड ही नावे घरी आजोबांपुढे उच्चारून पाहा. त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटेल तो पुरेसा बोलका असेल. या नायकांचे जनक बाबूराव अर्नाळकर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून गेले. एवढे लेखन एका मनुष्याच्या हातून घडते तरी कसे, हा प्रश्न मला त्यांच्या कथांतील कोणत्याही खुनापेक्षा अधिक गूढ वाटत आला आहे. त्याचाच थोडासा तपास येथे करावयाचा आहे.

प्रथम नावाचे रहस्य उलगडू. बाबूराव अर्नाळकर हेही एक वेषांतरच होते. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म ९ जून १९०६ रोजी, मृत्यू ५ जुलै १९९६ रोजी; म्हणजे नव्वद वर्षांचे दीर्घ आयुष्य त्यांना लाभले. अर्नाळा हे वसईजवळचे, जलदुर्गासाठी प्रसिद्ध असलेले समुद्रकाठचे गाव. त्याची आठवण या टोपणनावात राहून गेली. मुंबईत त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. दुसऱ्याची दृष्टी साफ करून द्यावयाची हा एक धंदा, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकावयाची हा दुसरा, असे दोन परस्परविरुद्ध व्यवसाय या गृहस्थाने एकाच जन्मी केले असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एका चमत्कारिक योगायोगाचे स्मरण होते. शेरलॉक होम्स निर्माण करणारे आर्थर कॉनन डॉइल हेही नेत्रांशीच संबंधित. ते पेशाने डॉक्टर. १८९१ साली त्यांनी लंडनमध्ये नेत्रवैद्य म्हणून दवाखाना थाटला. परंतु रोगी काही येईनात. रिकाम्या खोलीत रुग्णांची वाट पाहता पाहता त्यांनी होम्सच्या लघुकथा लिहावयास घेतल्या आणि त्याच वर्षी त्या ‘स्ट्रँड’ मासिकातून प्रसिद्ध होऊ लागल्या. होम्सची ती सुप्रसिद्ध निरीक्षणशक्ती त्यांनी एडिंबरो येथील आपले गुरू डॉ. जोसेफ बेल यांच्यापासून उचलली होती. रोगी दाराशी येताच त्याचा व्यवसाय आणि त्याचा प्रवास डॉ. बेल ओळखून सांगत असत. अ‍ॅगाथा ख्रिस्ती या विदुषीचीही गोष्ट अशीच. पहिल्या महायुद्धात त्या औषधालयात काम करीत होत्या. कोणते द्रव्य किती मात्रेत औषध आणि किती मात्रेत विष, हे ज्ञान त्यांना तेथे मिळाले आणि १९२० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कादंबरीत त्यांनी ते कामी आणले. रहस्यकथा आकाशातून पडत नाही. ती दुकानात, दवाखान्यात, औषधांच्या कपाटाजवळ, म्हणजे नित्याच्या कामाच्या जागीच सापडते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. थोडे अंकगणित करा. लेखनाची पन्नास वर्षे धरली आणि पुस्तके एक हजार, तर वर्षाला वीस पुस्तके होतात. म्हणजे दर अठरा दिवसांस एक. पुस्तक लहानखुरे, शंभर पानांचे धरले तरी वर्षाची दोन हजार पाने, आणि रोजची साडेपाच. आता एवढ्यात काय मोठे, असे कोणी म्हणेल. त्याने केवळ एक महिनाभर रोज साडेपाच पाने लिहून पाहावी. ताप असो, लग्नकार्य असो, घरी पाहुणे असोत. आमच्या वर्गातील निबंधाच्या वह्या तपासताना मला या हिशोबाची वारंवार आठवण होते. स्फूर्तीची वाट पाहत बसणारा मनुष्य वर्षाला वीस पुस्तके लिहू शकत नाही. तो ठरलेल्या वेळी बैठक मारून बसतो, एवढेच.

परंतु केवळ बैठकीने भागत नाही; युक्तीही लागते. अर्नाळकरांनी दर पुस्तकास नवा नायक शोधला नाही. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू अशी ठरलेली माणसे त्यांनी एकदा उभी केली आणि पुढे पुस्तकामागून पुस्तकात त्यांस नवनव्या संकटांत लोटले. वाचकास त्यांची ओळख अगोदरच असल्यामुळे पहिल्या पानावरच कथा धावू लागे. आणि लेखकाचीही वर्णनाची मजुरी वाचे. हीच युक्ती आपल्या कीर्तनकारांची नाही काय? नारद आणि हनुमान यांचा परिचय श्रोत्यांस नव्याने करून द्यावा लागत नाही.

दुसरी गोष्ट सांगावयाची ती जरा नाजूक आहे. इंग्रजी रहस्यकथांचा आधार अर्नाळकरांनी मोकळेपणाने घेतला. त्यांच्या आधी गो. ना. दातारशास्त्री यांनीही रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी पोशाख चढविला होताच. त्या काळी यात कोणी वावगे मानीत नसे. लंडनचे धुके मुंबईच्या गल्लीत आणावयाचे, सरदारपुत्राचा शेठजी करावयाचा, आणि तरीही वाचकास परकेपणा भासू द्यावयाचा नाही, यास कसब लागते हे खरे. तथापि आधार घेणे आणि उतरून काढणे यांतील रेषा बारीक आहे. ज्यांनी गेल्या सत्रात मित्राचाच निबंध नावे बदलून माझ्याकडे दिला होता, त्यांनी या परिच्छेदाचा आश्रय घेऊ नये.

तिसरी युक्ती सर्व रहस्यकथाकारांस सामाईक आहे, आणि सोलापूरच्या मुलांस ती समजावून सांगणे सोपे आहे. चादर विणताना काय होते ते तुम्ही पाहिले आहे. नक्षी अगोदर चौकटींच्या कागदावर काढतात. त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना छिद्रे पाडतात. ते पुठ्ठे जेकार्डवर चढले की मग माग धडधडू लागतो. विणकराचा हात चपळाईने चालतो, कारण मोर कोठे यावयाचा आणि वेल कोठे वळावयाची हे आधीच ठरलेले असते. रहस्यकथेचेही तसेच. गुन्हेगार कोण हे लेखकाने शेवटापासून मागे येत ठरविलेले असते. ख्रिस्तीबाईंच्या अशा टिपणांच्या सत्तरांहून अधिक वह्या आज उपलब्ध आहेत. त्यांत विषांची नावे आणि कथानकाचे बेत घरच्या किरकोळ नोंदींशेजारी गर्दी करून बसले आहेत. आणखी एक साम्य पाहा. आपली चादर उलटी केली तर नक्षी तीच, रंग मात्र उलटे. चांगली रहस्यकथा शेवटच्या प्रकरणात अशीच उलटली जाते. प्रसंग तेच, परंतु जो सज्जन वाटला तो दुर्जन, आणि जो दुर्जन वाटला तो निरपराध.

अर्नाळकरांच्या सर्व कथा या कसोटीस उतरतात, असे मी म्हणणार नाही. वेगाने धावणाऱ्या मागावर धागा तुटतोच. त्यांच्या कथांत योगायोग फार, नायक कधी म्हातारा होत नाही की शहाणा होत नाही, आणि पुष्कळदा बुद्धीचे काम मनगट करते. वाङ्मयेतिहासकारांनी त्यांची उपेक्षा केली तिला थोडेबहुत कारण होते. परंतु ज्याने कधी पुस्तक हाती धरले नाही अशा मनुष्यास पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नेण्याचे सामर्थ्य किती थोर ग्रंथकारांत असते? हे मी ऐकीव सांगत नाही.

माझे वडील येथील एका गिरणीत साचे चालवीत असत. ती गिरणी पुढे बंद पडली. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. घरात ग्रंथ म्हणजे एक पोथी आणि एक पंचांग. १९६५-६६ च्या सुमारास कोणीतरी त्यांस काळा पहाडचे एक पुस्तक दिले आणि तेव्हापासून आमच्या घरी भाड्याच्या पुस्तकांचा रतीब सुरू झाला. भाडे दिवसाचे, म्हणून पुस्तक दुसऱ्या दिवशी परत गेलेच पाहिजे. आणि पाळी संपवून आलेला मनुष्य अक्षर लावीत लावीत वाचणार. प्रारंभी त्यांस एक पुस्तक पुरते होत नसे. वर्षभरात ते अस्खलित वाचू लागले. रात्री कंदिलाशी बसून ते आम्हां भावंडांस मोठ्याने वाचून दाखवीत, आणि अखेरची दोनचार पाने उरली की पुस्तक मिटून विचारीत, “बोला, कोणी केले? आणि कशावरून?” नुसते नाव सांगितलेले चालत नसे, कारण द्यावे लागे. ‘मला वाटते’ हे कारण नव्हे, हा तर्कशास्त्राचा पहिला पाठ मला तेथे मिळाला.

एकदा एक पुस्तक आले. वेष्टन फाटलेले, त्यामुळे ते कोणाचे हे आजही सांगता येत नाही. वडिलांनी नेहमीप्रमाणे आम्हांस प्रश्न केला, आमची उत्तरे ऐकली, पान उलटले आणि ते गप्प झाले. शेवटची पाने कोणीतरी फाडून नेली होती. मी आणि थोरला भाऊ हळहळत निजावयास गेलो. धाकटी बहीण तेव्हा तिसरीत होती. ती मात्र कंदिलाजवळच बसून राहिली. थोड्या वेळाने ती म्हणाली, “बाबा, दिवाणजीनेच केले. त्याने सांगितले की अंधारात काही दिसले नाही, आणि मग चोराचा कोट तपकिरी होता असे कसे म्हणाला?” वडिलांनी मागील पाने उलटून पाहिली. ती दोन्ही वाक्ये तेथे होती, वीस पानांच्या अंतराने. त्यांनी आईस हाक मारली, पेन्सिल मागविली, आणि पुस्तक भाड्याचे आहे हे विसरून शेवटच्या पानाखाली कोऱ्या जागेत मोठ्या अक्षरांत लिहिले : “दिवाणजी. तपास लावणार, कुमारी शकुंतला, इयत्ता तिसरी.”

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने त्या लिखाणाबद्दल दोन आणे दंड घेतला. वडिलांनी तो हसत दिला.