फुगलेला डबा फेकू नका

आमच्या शेंदूरजनाघाटात संत्र्याची कलम खोडावरून पारखणारी माणसं घरोघरी आहेत. मासाही ओळखतात, पण तो अप्पर वर्धा धरणाचा, ताजा. डब्यातल्या माशाची पारख इथे फारशी कुणाला नाही आणि काही दुकानदार नेमका त्याचाच फायदा घेतात.

मे महिन्याच्या उन्हात तालुक्याच्या ठिकाणाहून बांगड्याचे डबे आणले. घरी पाहिलं, तर एकाचं झाकण वर आलेलं, मुदत कधीच संपलेली. परत गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, माल कंपनीचा आहे नं. मी थोडीच मासा भरला त्याच्यात? ठेवा इथं, बदलून देतो." मी डबा दिला नाही. तो पुन्हा फळीवर गेला असता, दुसऱ्या कुणाच्या ताटासाठी.

कंपनीकडे बोट दाखवून सुटता येत नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 27 नुसार मुदत उलटलेला माल विकणारा स्वतः जबाबदार असतो. असुरक्षित अन्नाने जीव गेला तर कलम 59 खाली किमान 7 वर्षं कैद, जन्मठेपेपर्यंत. मी अमरावतीला अन्न व औषध प्रशासनाकडे बिल, बॅच क्रमांक आणि फोटोंसह तक्रार दिली. अधिकाऱ्यांनी त्याच बॅचचे सीलबंद डबे दुकानातून नमुना म्हणून घेतले.

सीलबंद हा शब्द महत्त्वाचा. उघडलेल्या डब्याबद्दल विक्रेता म्हणणार, तुमच्याच घरी नासला. म्हणून फुगलेला डबा उघडू नका, चाखून तर मुळीच पाहू नका. पिशवीत बांधून लेकरांपासून दूर ठेवा, हात धुवा, बिल जपा. तपासणी स्वतः करून घ्यायची असेल तर कलम 40 तो हक्क देतं. मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. नमुना सदोष निघाला तर भरलेली फी परत मिळते.

न फुगलेला डबाही निर्धोक असतोच असं नाही. 1978 साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला डब्यातला सामन मासा खाऊन चौघांना बोटुलिझम ही जीवघेणी विषबाधा झाली, त्यातले दोघे दगावले. बांगडा, तारली, ट्यूना नीट थंड न ठेवता भरले तर त्यांत हिस्टामिन हे अपायकारक द्रव्य तयार होतं. ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल झालं, अंगाला खाज सुटली, डोकं ठणकलं तर लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना डब्याचं सांगा.

खटल्याची मुदत साधारणपणे गुन्ह्यापासून एक वर्षाची आहे, तेव्हा तक्रार लांबवू नका. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा विनाशुल्क क्रमांक 1800222365 आहे.