मीटर वाचक मोजत नाही

तांत्रिक दस्तऐवज ऑनलाइन ठेवण्यासाठी ‘वापराल तेवढेच पैसे’ ही योजना घेण्याआधी विचारावं, की हा वापर नेमका कोणाचा? घरातला विजेचा मीटर आपण दाबलेल्या बटणांवर फिरतो. होस्टिंगची बटणं मात्र रस्त्यावर असतात. ‘रीड द डॉक्स’ ही सेवा असंख्य मुक्त प्रकल्पांचे दस्तऐवज सांभाळते. मे २०२४मध्ये एका एआय क्रॉलरने तिथून ७३ टेराबाइट झिप फाइली उतरवल्या, त्यातल्या जवळजवळ १० टेराबाइट एकाच दिवसात. बँडविड्थचा खर्च ५,००० डॉलरच्या वर गेला. क्रॉलर सदोष होता, त्याच त्या फाइली पुन्हा पुन्हा नेत होता. फाइल बदलली आहे का, एवढं विचारण्याची सोयही त्याने वापरली नाही. वाचक एकही वाढला नाही, बिल तेवढं वाढलं. पुढे एआय क्रॉलर अडवल्यावर डाउनलोडची रोजची वाहतूक सुमारे ८०० गिगाबाइटवरून २००वर आली. गळालेलं तीन-चतुर्थांश कोणी वाचत होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

यावर सांगितलं जातं, की छोट्या प्रकल्पाला हीच योजना स्वस्त पडते. पडते, बहुतेक महिने. पण सरासरी कमी असली म्हणून बिलाला कमाल मर्यादा आहे असं होत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये नेटलिफाय या होस्टिंग कंपनीच्या मोफत योजनेतल्या एका साध्या स्थिर संकेतस्थळाला १,०४,५०० डॉलरचं बिल आलं, तेही मुख्यतः एका ऑडिओ फाइलीपायी. कंपनीने ते पूर्ण माफ केलं, पण बोभाटा झाल्यावर. अशा माफीवर अंदाजपत्रक बांधता येत नाही. ‘खर्चाचा इशारा लावा’ हा सल्लाही अपुराच आहे: बिलाचे आकडे अनेकदा काही तास मागे असतात, आणि इशारा वाहतूक थांबवत नाही. क्रॉलरला ‘इथे येऊ नका’ सांगणारी रोबोट्स.टीएक्सटी फाइल तर निव्वळ विनंती. ती मानायची की नाही, हे येणारा ठरवतो.

म्हणून माझा आग्रह ठरलेल्या शुल्काचा, किंवा पैसे संपताच सेवा थांबवणाऱ्या खऱ्या मर्यादेचा. यावरचा आक्षेप मात्र वजनदार आहे: मर्यादा गाठली की प्रामाणिक वाचकालाही दार बंद. विकत दिलेल्या उत्पादनाचे दस्तऐवज ऐन अडचणीत गायब होणं परवडत नाही. पण ही पानं स्थिर असतात, मूळ मजकूर गिटमध्ये असतो, त्यामुळे मुक्त प्रकल्पाची दुसरी प्रत गिटहब पेजेसवर सहज ठेवता येते. तिथली महिन्याची १०० गिगाबाइटची मर्यादा लवचिक आहे; ओलांडलीत तर बिलाऐवजी सौम्य पत्र येण्याची शक्यता जास्त. पीडीएफ, झिप, व्हिडिओ असा जड ऐवज बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे न घेणाऱ्या क्लाउडफ्लेअर आर२सारख्या साठवणीत हलवावा. अर्थात तिथेही ठरावीक संख्येपलीकडच्या मागण्यांना दर लागतो. दरपत्रकातला तो रकाना आधी वाचावा.