उडी मारून दिशा बदलायला किती खर्च येतो?

नगर जिल्ह्यात वाऱ्याला तोटा नाही. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर उगाच पवनचक्क्या उभ्या केलेल्या नाहीत. पाणीही आहे, मुळा धरण आहे, भंडारदरा आहे. तरीही काइटसर्फिंगसाठी धरणावर जायचा विचार डोक्यातून काढून टाका. डोंगर ओलांडून येणारा वारा झटक्याझटक्याने येतो, काठाला खडक असतात, जलाशयावर उतरायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते आणि दोर गुंतले तर ओढून आणायला बोट नसते. समुद्र गाठावाच लागतो. आपल्याला सोयीचा म्हणजे गोव्यातला, पेडणे तालुक्यातला मोरजी-आश्वेचा किनारा.

हा हिशेब नवशिक्यांचा नाही. ज्यांना दोन्ही बाजूंनी बोर्ड चालवता येतो, वाऱ्याच्या उलट चढून निघालो तिथेच परत येता येते आणि साधी छोटी उडी जमते, त्यांच्यासाठी आहे. अगदी शून्यापासून सुरुवात असेल तर आधी दहा-बारा तासांचे शिक्षण लागते. ताशी चार हजार रुपये धरले तर चाळीस-पन्नास हजार तिथेच जातात. उडीतले प्रकार त्याच सहलीत उरकू म्हणाल तर दोन्ही अर्धवट राहतील.

पैसे नेमके कशाचे मोजतो ते समजण्यासाठी कृती थोडी सांगतो. उजवीकडे जाताना काइट घड्याळातल्या एकच्या जागी असतो असे समजा. तो मागे, अकराकडे पाठवायचा, बोर्डाची कड पाण्यात रुतवून धरायची आणि काइट डोक्यावरून जाताना बार ओढून उडायचे. हवेत काइट डोक्यावरच ठेवून कमरेतून बोर्ड डावीकडे वळवायचा आणि उतरताना काइटही डावीकडे खाली सोडायचा. झाली दिशा बदलणारी उडी. वेग बेताचा ठेवला तर ही उडी साध्या लांब उडीपेक्षा सोपी वाटते, कारण माणूस पुढे फेकला जाण्याऐवजी वर जातो.

लँडिंग लूप ही त्यापुढची गोष्ट. उतरताना डाव्या हाताची ओढ सोडायचीच नाही. संक्रांतीच्या पतंगाला गोता देऊन पुन्हा वर काढतात तसा काइट खाली जाऊन पूर्ण चक्कर घेऊन वर येतो आणि पाय टेकताना पुढे ओढ मिळत राहते. घाई केली तर उंचावर असतानाच हिसका बसतो. उशीर केला तर पाय पाण्याला लागतात तेव्हा काइट खालीच असतो. सगळ्यात वाईट म्हणजे भीतीने मध्येच हात सैल करणे, कारण चक्कर अर्धवट राहिली की काइट सरळ पाण्यात. म्हणून लूप आधी पाण्यावरच, न उडता वळण घेताना शंभरदा करावा. त्याला शिक्षक लागत नाही, वारा लागतो.

वारा हीच खरी खर्चाची बाब. मोरजीला हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, पण तो बहुतेक हलकाच, बारा-पंधरा नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी बावीस ते अठ्ठावीस किलोमीटर. त्यात बारा चौरस मीटरचा मोठा काइट लागतो, तो संथ फिरतो आणि लूपला उंची जास्त मागतो. माझे मत स्पष्ट आहे: दिशा बदलणारी उडी गोव्यात शिका, लँडिंग लूप मात्र शक्यतो तमिळनाडूत, रामेश्वरमच्या अलीकडे मंडपमच्या परिसरात. तिथे उन्हाळ्यात नैऋत्येचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा असे दोन हंगाम मिळतात, उथळ सपाट पाणी असते आणि लहान काइट चालतो. फक्त मदुराईपर्यंत विमान, पुढे दीडेकशे किलोमीटर रस्ता, असा प्रवासाचाच खर्च माणशी पंधरा-वीस हजार धरावा लागतो.

गोव्याचे पाच दिवस मांडून बघू. वास्को–निजामुद्दीन गोवा एक्स्प्रेस आपल्या स्टेशनावर थांबते, हे नगरकरांचे भाग्य. थर्ड एसीने जाऊन-येऊन अडीच हजार, स्लीपरने हजाराच्या आत. गाडी मडगावला सोडते आणि मोरजी आहे उत्तर टोकाला. तिथून टॅक्सी केली तर रेल्वेच्या तिकिटाइतके पैसे जातील. पणजी आणि म्हापसा करत कदंबच्या बसने दीड-दोनशेत काम होते. स्कूटर पाच दिवसांची अडीच हजार, खोली दहा हजार, जेवणखाण चार हजार. शिकवणी रोज एक तास असे चार तास, सोळा हजार. उरलेल्या सरावाला तीन दिवस भाड्याचे साहित्य, बारा हजार. एकूण पन्नास हजारांच्या आतबाहेर. नाताळात गेलात तर खोलीचा आकडा दुप्पट धरा. आणि मोरजीला कासवांची अंडी घालण्याची जागा राखीव आहे. तो भाग कुठे सुरू होतो ते आधी विचारा, तिथे काइट उतरवू नका.

पाचपैकी एक-दोन दिवस वारा पडणारच. म्हणून शिकवणाऱ्यांना फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: वारा नसेल तर शिकवणीचे पैसे परत मिळतात का पुढच्या वेळेला धरतात? बोटीने ओढून आणले तर त्याचे वेगळे घेता का? काइट फाटला तर भरपाई किती? शिकवणारा हेल्मेटमधल्या वॉकीटॉकीवर बोलतो का? चारचौघांच्या गटात एक तास घेण्यापेक्षा एकट्याने अर्धा तास, कानात सूचना आणि नंतर स्वतःचा व्हिडिओ बघणे, यात पैसे जास्त वसूल होतात. उडी का फसली हे काठावरून हातवारे करून सांगता येत नाही.

साहित्य विकत घ्यायची घाई नको. काइट, बार, बोर्ड आणि हार्नेस असा नवा संच युरोपात अडीच-साडेतीन हजार युरोंना पडतो. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर तीन लाख झाले, वर आयातकर. वर्षातून दोन सहली होणार असतील तर भाडेच परवडते. लाखाच्या आसपास जुना संच मिळाला तर काइट कडक फुगवून रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी मऊ पडलेला असेल तर आतल्या फुग्यात किंवा व्हॉल्व्हमध्ये गळती आहे. चारही दोर एका खुंटीला अडकवून ताणून बघा, एखादा लांबला असेल तर काइट एकीकडे झुकतो आणि लूपमध्ये ते जास्त जाणवते. ताण असताना सेफ्टी सुटते का, हेही स्वतः सोडून पाहा.

एक खरेदी मात्र नगरात बसून करण्याजोगी आहे: दोन-तीन चौरस मीटरचा सरावाचा काइट, दहा-पंधरा हजारांचा. विजेच्या तारा आणि माणसांपासून दूर, मोकळ्या रानात तो फिरवला तर हातांना लूपची सवय होते. हाताची ओढ शेवटपर्यंत न सोडणे एवढे जरी घरी जमले, तरी गोव्यातला शिकवणीचा एखादा तास वाचतो.

इम्पॅक्ट जॅकेट आणि हेल्मेट भाड्याने मिळते का ते बुकिंगच्या वेळी लिहून घ्या, नाहीतर पंधरा-वीस हजार आणखी जातील. विम्याचे कागद वाचताना 'साहसी खेळ' हा मुद्दा शोधा. बहुतेक साध्या प्रवास विम्यांत तो वगळलेला असतो आणि पाय मोडला तर म्हापशाच्या दवाखान्याचे बिल खिशातूनच भरावे लागते.